वसईच्या खाडीवरून जुहूकडे

अहमदाबादहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला येणारं विमान डहाणू-पालघर मागे टाकतं आणि वसईची खाडी ओलांडतं, तेव्हा डाव्या हाताला कान्हेरीचे डोंगर असतात आणि उजव्या हाताला गोराई-मनोरीचा किनारा. मधल्या पट्ट्यात रेल्वेचे रूळ आणि बोरीवली. तिथून जुहूचं मैदान काही मिनिटांवर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दुपारी उत्तरेकडून असंच एक छोटं ब्रिटिश विमान आलं आणि १ वाजून ५० मिनिटांनी जुहूच्या मातीवर उतरलं. त्यात माणूस एकच होता आणि टपालाचं ओझं होतं साधारण २५ किलो. भारतीय नागरी विमानसेवेचा आरंभ म्हणून हा दिवस शाळेच्या पुस्तकातही येतो. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे जेआरडी, यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना घेऊन आलेल्या यंत्राबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला त्या यंत्राबद्दल आणि त्याच्या भावंडांबद्दल सांगायचं आहे.

त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागतं. ५ जानेवारी १९२८ रोजी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची विजेवरची लोकल कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंत धावू लागली. बोरीवली तेव्हा भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि मिठागरं यांतलं गाव होतं. बृहन्मुंबईत ते यायला १९५७ साल उजाडायचं होतं. त्याच १९२८ मध्ये जुहूला विमानं उतरवण्यासाठी मैदान तयार झालं आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. मैदान म्हणजे खरोखरच मैदान. फरसबंदी नाही, दिवे नाहीत, समुद्राच्या पातळीला जेमतेम चिकटलेली जमीन. पहिला मोठा पाऊस पडला की तिथे तळं साचायचं.

या मैदानावर येणारी विमानं इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीची होती. जेफ्री डी हॅविलँड यांना कीटकांचा, त्यातही पतंगांचा अभ्यासाइतका नाद. १९२५ साली त्यांनी ‘मॉथ’ नावाचं दोन आसनांचं, दुहेरी पंखांचं विमान उडवलं आणि त्यानंतरच्या एकेका भावंडाला त्याच कुळातली नावं दिली: जिप्सी मॉथ, पस मॉथ, फॉक्स मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ. पहिल्या महायुद्धातली विमानं लष्कराच्या खजिन्यावर पोसली गेली होती. मॉथची गोष्ट वेगळी होती. सांगाडा स्प्रूसच्या लाकडाचा, अंग प्लायवुडचं, पंखांवर ताणून बसवलेलं कापड आणि त्यावर ते घट्ट करणाऱ्या लुकणाचे हात. पंख मागे दुमडले की विमान मोटारीच्या मोठ्या गॅरेजात मावायचं. चांगला सुतार, कापड शिवणारा हात आणि इंजिनाची नाडी ओळखणारा मिस्त्री एवढी माणसं असली की ते कुठेही चालतं ठेवता यायचं. जगभरचे फ्लाइंग क्लब या विमानावर उभे राहिले ते याच कारणाने. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत लाकडाच्या सांध्यांना आणि कापडाला जपावं लागे एवढंच.

जेआरडींचं बालपण काही काळ फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, आर्डेलो या गावी गेलं. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ तिथला शेजारी. उडण्याचं वेड तिथे लागलं, ते पुरं व्हायला जुहूचा क्लब निघावा लागला. शिक्षकासोबत पावणेचार तासांचं शिक्षण घेऊन त्यांनी एकट्याने विमान उडवलं आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या हाती आला. वय २४.

पुढच्याच वर्षाची एक हकिगत मला फार आवडते. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं: इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास सहा आठवड्यांच्या आत एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. तिघे निघाले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून इकडे येत होते, जेआरडी कराचीहून तिकडे. जेआरडी जिप्सी मॉथमध्ये बसून इजिप्तमधल्या अबूकीरला पोचले तर तिथे अस्पी अडकून पडलेला. जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा, आणि जवळ जादा स्पार्क प्लग नाहीत. जेआरडींनी आपल्याकडचे दिले. अस्पीने त्यांना आपलं लाइफ जॅकेट देऊन टाकलं, कारण जेआरडींना पुढे भूमध्य समुद्र ओलांडायचा होता आणि त्यांच्याकडे ते नव्हतं. बक्षीस अस्पीला मिळालं. जेआरडी थोडक्यात हुकले आणि त्यांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. हा अस्पी पुढे भारतीय हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये त्याचा प्रमुख झाला. दोन प्रतिस्पर्धी आणि मध्ये स्पार्क प्लगची एक पुडकी. त्या काळच्या उडणाऱ्या माणसांचा स्वभाव मला तरी या देवघेवीत दिसतो.

टपालसेवेची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट यांची. रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेले हे वैमानिक भारतभर हिंडून लोकांना विमानात बसवून फेऱ्या मारून आणत. त्यांच्या लक्षात आलं, की इम्पीरिअल एअरवेजचं विमान लंडनहून टपाल घेऊन कराचीला येतं आणि पुढे ते टपाल रेल्वेने रखडतं. कराची–अहमदाबाद–मुंबई–बेल्लारी–मद्रास असा हवाई मार्ग काढला तर दिवस वाचतील. टाटांच्या घरात हा प्रस्ताव सहजी पसंत पडला नाही. सर दोराबजी टाटांचं मन वळवायला जॉन पीटरसन या जुन्या सहकाऱ्याला शब्द टाकावा लागला. सरकारने अनुदान द्यायला हात वर केले, तेव्हा अनुदानाशिवाय सेवा चालवायची तयारी टाटांनी दाखवली. सुमारे दोन लाख रुपयांचं भांडवल, करार एप्रिल १९३२ मध्ये. जूनमध्ये दोराबजी जर्मनीत वारले. पहिलं उड्डाण पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

दोन लाखांत दोन पस मॉथ आले. जुहूला ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली शेड उभी राहिली. जेआरडी, व्हिन्सेंट, एक पूर्णवेळ वैमानिक, एक अर्धवेळ इंजिनीअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. एवढा सगळा संसार.

पस मॉथ हे आधीच्या जिप्सी मॉथहून पुढचं पाऊल होतं. पंखांची एकच जोडी, तीही छतावर, आणि वैमानिकाला बसायला बंद केबिन. मागे एक-दोन माणसं किंवा टपालाच्या थैल्या. अंगाचा सांगाडा लाकडाऐवजी पोलादी नळ्यांचा. जिप्सी थ्री इंजिन, ताकद १२० अश्वशक्तीच्या आसपास, वेग तासाला शंभर मैलांच्या घरात. त्यातली एक युक्ती बघण्यासारखी होती. चाकांच्या आधाराच्या खांबांवर हवा कापणारी चपटी आवरणं होती आणि ती केबिनमधून आडवी फिरवता येत. आडवी केली की ती वाऱ्याला अडत आणि विमानाचा वेग उतरे. इतक्या हलक्या, घसरत जाणाऱ्या विमानाला छोट्या मैदानात आणून बसवायचं, तर हा ब्रेक लाख मोलाचा.

या देखण्या यंत्राला एक वैगुण्यही होतं, आणि ते त्या दिवसांत उलगडलेलं नव्हतं. १९३० पासून निरनिराळ्या देशांत पस मॉथ हवेतल्या हवेत मोडू लागले. पंख निखळायचे. अशा नऊ अपघातांचा ब्रिटनमध्ये बारकाईने तपास झाला. विशिष्ट परिस्थितीत पंखाला आणि शेपटीकडच्या भागांना कंप सुटतो, तो वाढत जातो आणि शेवटी पंख तुटतो, असं निदान निघालं. मग पंखाच्या आधाराला एक छोटा जोडखांब देण्यात आला. ऑस्ट्रेलियाचा नामवंत वैमानिक बर्ट हिंकलर याचा अंत जानेवारी १९३३ मध्ये इटलीच्या डोंगरात झाला, तेव्हा तो पस मॉथमध्येच होता. म्हणजे जेआरडी कराचीहून निघाले तेव्हा हे सगळं चालूच होतं. त्या उड्डाणाचं वर्णन करताना आपण धैर्य हा शब्द सवयीने वापरतो. या नऊ अपघातांची माहिती झाल्यावर त्या शब्दाचं वजन मला पहिल्यांदा कळलं.

पहाटेचे ६ वाजून ३५ मिनिटं. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ उठलं. रेडिओ नाही. वाट दाखवणारं कुठलंही साधन जमिनीवर नाही. खाली कच्छचं रण. अहमदाबादला उतरल्यावर बर्मा शेलच्या माणसाने पेट्रोलचे डबे आणले ते बैलगाडीतून. टाकी भरली आणि विमान पुन्हा निघालं. जुहूला जेआरडींचं काम संपलं. मद्रासचं टपाल घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या पस मॉथमधून बेल्लारीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचले.

याच्या बरोबर आठवडाभर आधी, ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, भारतीय हवाई दलाची स्थापना झाली होती. त्याची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी उभी राहिली तीसुद्धा ड्रिघ रोडलाच, चार वेस्टलँड वापिटी विमानांवर. तीही ब्रिटिश. देशाची नागरी विमानसेवा आणि लष्करी विमानदल यांची सुरुवात काही महिन्यांच्या अंतराने एकाच मैदानावर झाली, आणि ते मैदान आज आपल्या देशात नाही.

जुहूच्या पावसाचं काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आला. चार महिने मैदान पाण्याखाली. मग पावसाळ्यात मुक्काम पुण्याला, येरवड्याच्या माळावर हलायचा. घाटातले ढग, कोकणातला पाऊस, आणि हाताशी एका इंजिनाचं कापडी विमान. तरीही पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल कापले, १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल नेलं, ६०,००० रुपये नफा मिळवला आणि सरकारी खात्याने वक्तशीरपणा शंभर टक्के नोंदवला. कागदावर हे आकडे कोरडे वाटतात. पण विमान प्रत्येक फेरीला वेळेवर उठायचं तर आदल्या रात्री कुणीतरी झावळ्यांच्या शेडमध्ये कंदिलाच्या उजेडात व्हॉल्व्ह तपासलेले असायला हवेत, कापडाला गेलेली चीर शिवलेली असायला हवी. त्या हातांची नावं इतिहासात फारशी आली नाहीत. मला तो नफा त्यांच्या नावावर मांडावासा वाटतो.

पुढचं वेगाने झालं. १९३५ मध्ये गोवा आणि कण्णूरमार्गे त्रिवेंद्रम, १९३७ मध्ये दिल्ली. मोठी विमानं आली, महायुद्ध आलं. पुण्यात विमानांचा कारखाना काढण्याच्या खटपटीत व्हिन्सेंट इंग्लंडला गेले आणि १९४२ च्या आरंभी परत येताना त्यांचं विमान नाहीसं झालं. जेआरडींनी त्यांचं ऋण आयुष्यभर बोलून दाखवलं. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, १९५३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. मोठी विमानं आता शेजारच्या सांताक्रूझला उतरू लागली होती. जुहू क्लबच्या आणि छोट्या विमानांचं राहिलं.

पण डी हॅविलँडने जुहूची पाठ इतक्यात सोडली नाही. १५ जुलै १९५३ रोजी ‘कॉमेट’ जुहूला उतरलं. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, ब्रिटनच्या बीओएसी कंपनीचं, प्रवासी सेवेत येऊन सव्वा वर्षही न झालेलं. उतरायचं होतं सांताक्रूझला. दोन्ही विमानतळ हाकेच्या अंतरावर, मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या, आणि जुलैचे दिवस. वैमानिकाची गफलत झाली आणि त्या काळातलं सर्वांत आधुनिक यंत्र जुहूच्या आखूड धावपट्टीवर येऊन थांबलं. उतरलं ते उतरलं, पण उठणार कसं? जवळपास नऊ दिवसांनी ते तिथून उडवून नेण्यात आलं. एकवीस वर्षांपूर्वी ज्या मैदानावर कापडाच्या पंखांचं पस मॉथ आलं, त्याच मैदानावर त्याच कंपनीचं जेट. आणि दैवाची गोष्ट अशी, की पुढच्याच वर्षी कॉमेटही हवेत फुटू लागल्याने सेवेतून मागे घ्यावं लागलं. तपासात निघालं की धातूला थकवा येतो, दाबाच्या केबिनला भेग पडते. पस मॉथच्या लाकडी पंखांनी जो धडा दिला होता, तोच कॉमेटच्या अॅल्युमिनियमने अधिक मोठी किंमत घेऊन दिला. आज आपण निर्धास्त उडतो ते या दोन्ही विमानांच्या अवशेषांवर काम केलेल्या अभ्यासकांमुळे.

जुनी विमानं जपण्याचे दोन मार्ग आहेत. एक संग्रहालयाचा. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिटी आहे आणि ते पाहायला मुद्दाम जावं असं आहे. मुंबईचा या बाबतीतला अनुभव मात्र दुखरा आहे. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मूळची ब्रिटिश. तिच्यावरून उडणारी ‘सी हॉक’ विमानंही ब्रिटिश, १९७१ च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर नाव काढलेली. निवृत्तीनंतर नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. किती शाळांच्या सहली त्या डेकवर जाऊन आल्या असतील! देखभालीचा पैसा आणि कायमची जागा यांची तजवीज झाली नाही आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. दर्यावर राहणाऱ्या शहराने ती जाऊ दिली याची चुटपुट मला अजून आहे.

दुसरा मार्ग उडवण्याचा. जुहूने तो धरला, आणि त्याला कारण पुन्हा जेआरडीच. १९६२ मध्ये, तीस वर्षं पुरी झाली तेव्हा, त्यांनी तोच प्रवास तशाच जुन्या विमानातून पुन्हा केला. मग १९८२. पन्नास वर्षं. वय ७८. चार वर्षांपूर्वी, १९७८ मध्ये, मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं होतं. त्यांनी एक लेपर्ड मॉथ घेतलं. १९३३ सालचं हे डिझाइन पस मॉथचं धाकटं भावंड. दिसायला तसंच, मात्र अंगाच्या पोलादी नळ्या जाऊन पुन्हा प्लायवुड आलेलं, त्यामुळे वजनाला हलकं. वैमानिक पुढे, मागे दोन जागा. अशी विमानं सगळी मिळून १३३ बांधली गेली होती. पन्नास वर्षं जुन्या घडणीचं लाकूड, पन्नास वर्षं जुन्या तऱ्हेचं इंजिन. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी कराचीहून निघून अहमदाबादमार्गे जेआरडी एकटे जुहूला उतरले. सरहद्द मध्ये आली होती, तरी कराचीहूनच निघाले. आपल्या देशातल्या तरुणांमध्ये थोडी आशा, थोडा उत्साह जागवावा म्हणून हे केलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते ऐकणारं कुणीतरी पुढे बोरीवलीत निघालं. आरोही पंडित बोरीवलीची, शिकली बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये. मे २०१९ मध्ये तिने ‘माही’ नावाच्या अगदी हलक्या विमानातून स्कॉटलंडमधल्या विकहून निघून आइसलँड, ग्रीनलंड करत कॅनडातलं इकालुइट गाठलं. इतक्या छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती जगातली पहिली महिला. मग १५ ऑक्टोबर २०२१ रोजी तिने जेआरडींची वाट धरली. कराचीचं दार आता बंद होतं, म्हणून भुजहून. १९७१ च्या युद्धात बॉम्बने उखडलेली तिथली धावपट्टी माधापर गावच्या बायकांनी रात्रंदिवस राबून दुरुस्त केली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांपैकी काहींनी दिलेलं पत्र आरोहीच्या विमानात होतं. भुज, अहमदाबाद, जुहू. जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही, संगणक नाही. नकाशा, होकायंत्र आणि खालची जमीन ओळखणारे डोळे. विमान स्लोव्हेनियातलं, आजच्या घडणीचं. पद्धत मात्र १९३२ ची. त्याआधी आठवडाभर, ८ ऑक्टोबरला, एअर इंडिया पुन्हा टाटांकडे जाणार असल्याची घोषणा झाली होती.

आरोहीच्या उड्डाणाने वाट जिवंत ठेवली. यंत्राची जागा अजून रिकामी आहे. ब्रिटनमध्ये उडत्या अवस्थेतले पस मॉथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का होईना, पण आहेत. तिथले हौशी लोक पंखांचं लाकूड बदलतात, कापड नव्याने चढवतात, इंजिनाचे सुटे भाग जगभरातून गोळा करतात. आपल्याकडे हे होत नाही असंही नाही. भारतीय हवाई दलाने आपलं एक जुनं टायगर मॉथ इंग्लंडमधल्या कारागिरांकडून दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ च्या हवाई दल दिनाला ते हिंडनच्या आकाशात उडालं. ज्या विमानावर आपल्या वैमानिकांची एक अख्खी पिढी शिकली, ते त्या दिवशी उडताना पाहून म्हाताऱ्या वैमानिकांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

१५ ऑक्टोबर २०३२ रोजी त्या पहिल्या उड्डाणाला शंभर वर्षं होतील. लाकडी-कापडी विमान उडण्याजोगं करायला वर्षं लागतात. परवानग्यांना त्याहून जास्त. क्लबचं प्रशिक्षण आता बरंचसं धुळ्याला चालतं आणि जुहूवर दिवसभर हेलिकॉप्टरांची ये-जा असते. तरी एका छोट्या विमानाला दुपारी दोनच्या सुमारास उतरायला तिथे जागा निघू शकते. पस मॉथ मिळालं तर उत्तम, नाहीतर लेपर्ड मॉथ चालेल. टाटांकडे विमान कंपनी आहे, हवाई दलाकडे जुन्या विमानांचा अनुभव आहे, बोरीवलीकडे वैमानिक आहे. कामाला आत्ता लागायला हवं.